जुनी थोरली

मालिकेत ती घरातली थोरली सून होती. बाकीच्या सुना रडायच्या आणि ही त्यांना रडवायची. अकरा वर्षं, आठवड्यातले सहा दिवस, संध्याकाळी साडेसातच्या ठोक्याला ती कुणाचं तरी पत्र लपवायची, कुणाच्या तरी औषधाची बाटली बदलायची, नाहीतर जिन्यावर उभं राहून खालचं बोलणं चोरून ऐकायची. जिना प्लायवूडचा होता आणि वर कुठेच जात नव्हता. आठव्या पायरीनंतर एक फळी आणि त्यापलीकडे दिव्यांच्या वायरींचा गुंता. तिथे अंग चोरून, श्वास धरून उभं राहायचं, आणि खालून 'अॅक्शन' आलं की राणीसारखं उतरायचं.

रस्त्यात तिला कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. "थोरली बघ, थोरली!" एकदा तर भाजीवालीने तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "आधी त्या धाकटीची माफी मागा, मग टोमॅटो." ही गोष्ट ती पुढे कितीतरी जणांना हसत हसत सांगायची. हसू खोटं नव्हतं. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकं करून जिने पाच वर्षं काढली होती, तिला शिव्यासुद्धा गोड लागत. नवऱ्याला मात्र लागल्या नाहीत. लग्न सहा वर्षं टिकलं, मालिका अकरा.

कामात ती चोख होती. सकाळी हातात पडलेली संवादांची पानं केस विंचरून होईपर्यंत पाठ. डोळ्यांत पाणी आणायची ग्लिसरीनची बाटली तिच्या मेकअपच्या खोलीत कधी आलीच नाही. सेटवरचा मॅनेजर नव्या मुलींना तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "हिच्याकडून शिका. अकरा वर्षांत एक दिवस उशीर नाही."

मग तिची आई न्हाणीघरात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन ठरलं. थोरलीने आयुष्यात पहिल्यांदा आठ दिवसांची रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, "आठ काय, दहा घ्या हो. आई आधी. आम्ही सांभाळून घेतो."

त्यांनी सांभाळून घेतलं. थोरलीला अपघात झाला असं दाखवलं, तोंडभर बँडेज गुंडाळून कुणाला तरी पलंगावर निजवलं. सहाव्या दिवशी खरी थोरली हॉस्पिटलच्या बाहेरच्या हॉलमध्ये, आईच्या तपासण्यांचे कागद मांडीवर घेऊन बसली होती. कोपऱ्यातल्या टीव्हीवर साडेसातचं संगीत वाजलं. बाकांवरचे सगळे नातेवाईक तिकडे वळले. डॉक्टरने बँडेजची पट्टी हळूहळू सोडवली, घरची मंडळी एकेक करून दचकली, कॅमेरा तीनदा पुढे धावला, आणि बँडेजमधून एक गोरीपान, अनोळखी बाई बाहेर आली. सासू तिला म्हणाली, "थोरले, चेहरा बदलला तरी तू आमचीच आहेस हो!"

नर्स औषधांचा ट्रे घेऊन चालली होती. ती थांबली, टीव्हीकडे पाहिलं, बाकावर पाहिलं. "अहो, तुम्ही इथे, मग तिथे कोण?"

थोरली उगाच मांडीवरचे कागद चाळू लागली. संवादांची पानं पाठ असण्याची सवय, आणि इथे पानंच नव्हती.

तिने बाहेर जाऊन मॅनेजरला फोन लावला. तो अगदी गोड बोलला. "तुमची घरची अडचण आम्ही समजू शकतो. पण मालिका कुणासाठी थांबते का? शिवाय वरच्यांना चेहऱ्यात जरा ताजेपणा हवा होता. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पहिला आठवडा तिला वाटत राहिलं, लोक खवळतील, पत्रं येतील, फोन खणखणतील. कशाचं काय! महिन्याभरात नवी बाई थोरली झाली आणि ही 'जुनी थोरली'. तेही ज्यांना आठवत होतं त्यांच्यापुरतं.

आई घरी आली, काठी घेऊन चालायला लागली, आणि पहिल्याच संध्याकाळी तिने टीव्ही लावला.

"आई, निदान तू तरी."

"अगं, सवय झालीये. आणि पुढे काय होतं ते नको का कळायला?" आईने चष्मा पुसून घेतला. दोन-चार प्रसंग मन लावून पाहिले. मग म्हणाली, "ही बरी करते गं. तुझ्यासारखी उगाच ओरडत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मुलगी काहीतरी आणायच्या निमित्ताने बाहेर पडली, आणि मग रोजच पडू लागली.

तीन वर्षं ती काम शोधत होती. सुरुवातीला म्हणायचे, "तुमचा चेहरा फार ओळखीचा आहे, लोक थोरलीच बघतील." मग काही म्हणेनासे झाले. शेवटी एका ऑफिसात विशीतल्या पोरीने फॉर्म पुढे सरकवला आणि विचारलं, "आधी कॅमेऱ्यासमोर कधी उभ्या राहिलाय?" तिने फॉर्म तिथेच ठेवला, जिना उतरली, आणि अभिनयाचा क्लास काढला.

जागा मिळाली ड्रायव्हिंग स्कूलच्या वर, बंद पडलेल्या ब्यूटी पार्लरची. भिंतभर आरसे आयते होते. केस धुवायचं एक बेसिन काढायचं राहून गेलं, त्यात मुलं पाण्याच्या बाटल्या ठेवत. खालून दिवसभर "क्लच सोडा, क्लच!" असा आवाज येई. आठ-दहा जण होते: लेकीला हाताला धरून आणणाऱ्या दोघी आया, लग्नं जमत नसलेले तिघे, बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, ज्यांना सगळे 'मॅनेजरसाहेब' म्हणत पण जे जन्मभर कॅशियर होते, आणि दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट लिहिणारी एक मुलगी. इथे जुन्या थोरलीला 'बाई' म्हणत.

बाई चांगलं शिकवत, हे तर कुणीही मान्य करेल. "बोलणारा काय, पाठ करून बोलतो," त्या सांगत. "कॅमेरा ऐकणाऱ्याला पकडतो. ऐकायला शिका." एकदा त्यांनी प्रसंग दिला: फोन वाजतो, घरातल्या माणसाला अपघात झाल्याचं कळतं. आयांच्या लेकी धाय मोकलून रडल्या. एकाने फोन भिंतीवर आपटायचा आव आणला. मॅनेजरसाहेब छातीवर हात ठेवून खुर्चीत कोसळले आणि हसू आल्यामुळे उठले. मग दातांच्या दवाखान्यातली उठली. तिने फोन कानाला लावला, ऐकलं, आणि म्हणाली, "हो. पत्ता सांगा." टेबलावर पेन शोधू लागली. पेन हाताशीच होतं, तिला दिसेना. "एक मिनिट हं, पेन सापडत नाहीये." पुन्हा, जरा हळू, "एक मिनिट."

अकरा वर्षांत आपल्याला हे एकदाही जमलं नाही, एवढं बाईंना लख्ख कळलं.

"बरं होतं," त्या म्हणाल्या. "पुढचा कोण?"

दोन महिन्यांनी फोन आला. सेटवरचा तो जुना मॅनेजर, इतक्या वर्षांनी. आवाज तसाच, साखरेत घोळलेला. "बाई, कशा आहात? अहो, नव्या मालिकेसाठी तुमची एक मुलगी येऊन गेली. दवाखान्यात काम करते ती. सगळ्यांना एकदम पसंत. म्हटलं तुम्हाला विचारावं, भरवशाची आहे ना?"

बाई थांबल्या. त्या नव्या मालिकेत आपल्या वयाची एखादी आत्या, एखादी मावशी असेलच. आता विचारेल, मग विचारेल. तो विचारत नव्हता. तो फक्त उत्तराची वाट बघत होता.

"पोरगी गुणी आहे," बाई म्हणाल्या. "पण..."

"पण काय?"

"वेळेचं जरा बघा. आणि घरचं काही ना काही सारखं चालू असतं तिचं."

"बाप रे, नको ती कटकट! बरं झालं बाई, सांगितलंत."

फोन ठेवल्यावर बाई बराच वेळ आरशांसमोर बसून राहिल्या. चारी बाजूंनी त्याच दिसत होत्या. पुन्हा फोन लावून शब्द मागे घ्यावेत असं एकदा वाटलं, दोनदा वाटलं. मग क्लासची वेळ झाली.

मुलगी त्या शनिवारी आली, पुढच्या शनिवारीही आली. मालिकेचा विषय तिने काढला नाही. बाईच तिला जास्तीचा वेळ देऊ लागल्या. बाकीचे गेल्यावर तासभर थांबवून घ्यायच्या, आवाज कुठून काढायचा, उजेड कसा शोधायचा, डोळे कुठे टेकवायचे, होतं नव्हतं ते सगळं तिच्या ओंजळीत ओतायच्या. मुलगी कोरड्या मातीसारखं शोषून घ्यायची. असे पाच महिने गेले. मग एक दिवस तिने सांगितलं की पुढच्या आठवड्यापासून ती येणार नाही. एका नाटक कंपनीत गावोगावचे दौरे मिळालेत.

"छान झालं," बाई म्हणाल्या. "तिथे शिकायला मिळेल."

"बाई, त्या मालिकेच्या मॅनेजरने मला त्याच दिवशी सांगितलं होतं, तुम्ही काय म्हणालात ते."

खाली कुणीतरी गाडी बंद पाडली. "मग... मग इतके दिवस आलीस कशाला?"

"तुम्ही चांगलं शिकवता म्हणून." मुलगी बेसिनमधली आपली बाटली उचलत होती. "दुसरीकडे कुठे इतकं शिकायला मिळालं असतं?"

"अगं, मी तेव्हा..."

"राहू द्या. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून नाही सांगत. फक्त यापुढे कुणाचा फोन आला तर माझं नाव काढू नका. चांगलंही नको."

ती वाकून नमस्कार वगैरे काही न करता गेली. शिव्या दिल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं. शिव्या खाण्यात त्यांनी उभी हयात काढली होती.

वर्षभराने सेटवरच्या मॅनेजरचा पुन्हा फोन आला. कोर्टाच्या प्रसंगासाठी न्यायाधीश हवा होता, वयस्कर, दोन पानांचं बोलणं, चार दिवसांचं काम. "तुमच्याकडे बँकेतले एक साहेब आहेत म्हणे. कसे आहेत?"

या वेळी बाईंनी क्षणाचाही विचार केला नाही. "हिरा माणूस," त्या म्हणाल्या. "पाठांतर पक्कं, आवाज भारदस्त. डोळे मिटून घ्या." मॅनेजरसाहेबांना चार वाक्यंसुद्धा सलग आठवत नसत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कुणाचं तरी भलं आपल्या तोंडून एकदा व्हावं, याची त्यांना घाई झाली होती.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी क्लास रिकामा असताना जिन्यावर पावलं वाजली. मॅनेजरसाहेब दारात उभे होते. अंगात घरचा सदरा, पण तोंडाला मेकअप तसाच. मिशी करडी केलेली, गालांवर सुरकुत्या रंगवलेल्या, एक भुवई घामाने खाली ओघळलेली.

"सव्वीस वेळा घेतलं," ते म्हणाले. "सव्वीस. मग त्या मॅनेजरने सगळ्यांसमोर दुसऱ्या माणसाला बोलावलं. माझा काळा कोट तिथेच काढून त्याच्या अंगात घातला. म्हणाला, 'बाईंनी तर तुमची केवढी तारीफ केली होती.' सूनबाई आणि नातवंडं शूटिंग बघायला आली होती हो. मी त्यांना टाळून मागच्या दाराने निघालो."

बाईंनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"मला येत नाही हे मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी आपला शनिवारी चार माणसांत येऊन बसायचो, बरं वाटायचं. तुम्ही का बरं खोटं सांगितलंत माझ्याबद्दल?"

बाईंनी ड्रॉवरमधून क्रीमची बाटली आणि कापूस काढला. म्हाताऱ्याने डोळे मिटून चेहरा वर केला. त्या कपाळापासून खाली रंग पुसू लागल्या. तो निघत गेला तसतशा रंगवलेल्या सुरकुत्यांखालून खऱ्या दिसू लागल्या. त्यांनी सावकाश, एकही डाग न ठेवता सगळं पुसलं. मग ते उठले, आरशात एकदा बघितलं, आणि कठडा धरून जिना उतरले. शनिवारी त्यांची खुर्ची रिकामी होती. बाईंनी ती भिंतीला लावून ठेवली आणि अपघाताच्या फोनचा प्रसंग पुन्हा सुरू केला.