भाड्याच्या घरातले मालक

आमच्या पैठण गेटामागच्या गल्लीत एका माणसाला लहानथोर सगळे 'मालक' म्हणत, आणि त्या माणसाच्या नावावर या शहरात उभं राहण्याएवढीही जागा नव्हती. उभा जन्म त्यांनी भाड्याच्या दोन खोल्यांत काढला. घराचे खरे मालक हाजीसाब. त्यांचं खाली कापडाचं दुकान होतं. नवा पोस्टमन "मालक कुठं राहतात?" म्हणून विचारत आला की हाजीसाब गादीवरून न उठता बोट छताकडं करत आणि म्हणत, "मालक तो ऊपर रहते मियाँ. हम खाली उनके मकानवाले."

ही पदवी मालकांनी स्वतःच्या तोंडानं कमावलेली होती. कुणाच्या फोनमधून गाणं वाजताना ऐकू आलं की पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला हा काटकुळा गृहस्थ त्याच्यापुढं जाऊन उभा राही, चष्मा कपाळावर चढवी आणि वसुलीला आल्यासारखा विचारी, "किराया किती भरता?" पंगत असो, दवाखान्यातलं बाकडं असो की शेअर रिक्षा असो, प्रश्न तोच. समोरच्यानं बिचाऱ्यानं महिन्याचा आकडा सांगितला की मालक मान हलवत. "म्हणजे गाणं तुमचं नाय. कंपनीनं घटकाभर बसायला दिलंय. ऊठ म्हटलं की उठायचं." मग एखादा आगाऊ विचारी, "अन् मालक, तुमचं घर?" उत्तर तयार असे. "घर भाड्याचं चालतं हो. माणूस कुठंही झोपतो. गाणं स्वतःचं लागतं."

त्यांचं स्वतःचं गाणं राहायचं कुठं, तर सगळीकडं. घरातलं एकमेव गोदरेजी थाटाचं लोखंडी कपाट कॅसेटींना. भिंतीतले कोनाडे सीडींना. देव्हाऱ्याखालच्या फडताळात तबकड्या उभ्या, आणि त्यांना धक्का लागू नये म्हणून देवांनाच जरा वर सरकवलेलं. ज्वारी पलंगाखाली, डाळी त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, लग्नातल्या ट्रंकेत, आणि काकूंचे शालू कुठं होते हे काकूंनाही ठाऊक नव्हतं. "सवत आणली असती तर एकच आणली असती," काकू म्हणत, "ह्यांनी कपाटभर आणल्या."

आता आमच्याकडचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. डोक्यावर ऊन नसतं, निखारे असतात. सगळी गल्ली कूलरपुढं तोंड वासून पडलेली असे. मालकांच्या घरी कूलर नाही. ऐपत नव्हती असं नाही. "कूलरची हवा दमट. फितीला बुरशी धरते," हा त्यांचा निकाल. माणसांना उन्हाळी लागली तरी चालेल, फितीला बुरशी लागता कामा नये. एकदा पुण्याहून आलेल्या जावयानं घामानं निथळत विचारलं, "बाबा, निदान रात्रीपुरता तरी?" मालकांनी त्याच्या हातात ताडाचा पंखा दिला. जावई दुसऱ्या दिवशी ऑफिसचं काम निघालं म्हणून परत गेला, आणि पुढची कित्येक वर्षं त्याचं ऑफिसचं काम नेमकं मे महिन्यातच निघत राहिलं.

गाणं ऐकायला मात्र कुणालाही मज्जाव नव्हता. "ऐकायला या, मागायला येऊ नका," एवढीच अट. पण ऐकणंही साधं नव्हतं, ती हजेरी होती. आधी हात धुवायचे. मग सतरंजीवर बसायचं. भिंतीला टेकायचं नाही, कारण भिंतीपलीकडं कपाट. फर्माईश करायची नाही, आज काय ऐकायचं ते मालक ठरवणार. दाद मनातल्या मनात द्यायची. मी समोरच्या माडीवर राहत असल्यानं माझी हजेरी दर रविवारी सकाळी लागे. एकदा मी चुकून "वा!" म्हणालो. मालकांनी टेप थांबवला, फीत मागं घेतली आणि म्हणाले, "तुमच्या 'वा'नं तिची तान झाकली. आता पुन्हा ऐका. गप बसून."

या संग्रहाचा मुकुटमणी म्हणजे एका बाईंची भैरवी. बाई कोण, ते मालक नाव न घेता, कानाच्या पाळीला हात लावून सांगत. फार वर्षांपूर्वी पहाटेच्या मैफलीचं ध्वनिमुद्रण सकाळी रेडिओवर लागणार होतं. मालकांनी आदल्या दिवशीच कोरी कॅसेट आणली, रेडिओ टेबलावर, टेपरेकॉर्डर त्याच्या तोंडाला तोंड लावून, आणि स्वतः श्वास धरून उभे. मैफल रंगली. बाई वरच्या सुरावर जाऊन थांबल्या. आणि त्याच क्षणी गल्लीतल्या नळाला, कितीतरी दिवसांनी, पाणी आलं. काकू मोरीतून ओरडल्या, "अहो, नळ आलाऽऽ!" त्यावर मालक जिवाच्या आकांतानं म्हणाले, "श्शूऽऽ!" आणि मग बाई समेवर आल्या.

हे सगळं, आहे तसं, त्या फितीवर उमटलं. दुसरा माणूस असता तर कपाळ बडवून घेतलं असतं. मालकांनी तीच फीत जन्मभर वाजवली. आणि आमच्याकडं पाण्याची कथा अशी की गावाचं नाव बदललं, नळाची सवय नाही बदलली. त्यामुळं व्हायचं काय, रविवारी भैरवी ऐन रंगात येई, खिडकीतून काकूंची आरोळी गल्लीभर जाई, आणि पाचपंचवीस बायका हंडे, कळश्या, बादल्या घेऊन नळाकडं धावत. नळ कोरडा! मग त्या वर बघून मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. मालक खिडकीत येऊन शांतपणे सांगत, "पाणी नाय आलं बायांनो. सम आली."

"पण मालक," मी एकदा डिवचलं, "मी निदान पैसे देतो. तुमचं गाणं रेडिओवरनं उचललेलं. ही तर चोरीच की."

"चोरी?" ते म्हणाले. "पाऊस माझ्या अंगणात पडला अन् मी घागर लावली. ढगाला पावती मागू?"

"अंगण हाजीसाबांचं आहे."

"घागर माझी व्हती ना?" विषय संपला.

त्यांनी मला एकदाच मिठाई दिली. माझ्या फोनमधलं एक आवडतं गाणं एके सकाळी गायब झालं. नाव करड्या रंगात, आणि बोट दाबलं तर ढिम्म. मूर्खपणानं मी ते मालकांना सांगितलं. संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दारात हजर. "गेलं म्हणे तुमचं? वाईट झालं," म्हणत त्यांनी पहिला पेढा माझ्या तोंडात कोंबला. "गाणं गेलं, किराया चालूच ना? व्हय? घ्या, अजून एक घ्या." मग तो पुडा गल्लीभर फिरला. हाजीसाबांनी विचारलं, "किस खुशी में?" मालक म्हणाले, "समोरच्यांचं घर खाली केलं कंपनीनं."

हसणाऱ्याचे दात मोजायला काळ कुठंतरी बसलेलाच असतो. हाजीसाबांच्या मुलांनी जुनं घर पाडून फ्लॅट बांधायचं ठरवलं. एका रविवारी, मी हजेरीला बसलो असताना, हाजीसाब जिना चढून स्वतः सांगायला आले आणि काकूंनी दिलेला चहा त्यांनी तसाच बाजूला ठेवला. म्हणाले, "बच्चे सुनते नै मालक. दिवाळी तक का वक्त माँग लिया मैं." मालक म्हणाले, "तुमचं घर आहे, हाजीसाब." त्यांच्या तोंडून हे वाक्य मी प्रथमच ऐकलं.

मुलीनं लगेच पुण्याला बोलावलं. नवव्या मजल्यावरचा फ्लॅट, भिंतीत बसवलेला देव्हारा, आणि कपाटभर कॅसेटींना जागा नाही. "तुम्ही दोघं या," ती म्हणाली, "ते सगळं नको." तेव्हा दिवाळीच्या आत ह्या संग्रहाला घर शोधणं आलं. मालकांनी ते एकाच पद्धतीनं शोधलं, जी त्यांना मुलीच्या वेळेपासून ठाऊक होती. त्यांनी स्थळं पाहायला सुरुवात केली.

होय, चक्क कांदेपोहे. रविवारी पाहुणे येत, काकू बशा आणत, कपाटाचं दार अर्धं उघडून संग्रह 'दाखवला' जाई आणि मग मालक नवरदेवाची उलटतपासणी घेत. पहिलं स्थळ कॉलेजातले एक प्राध्यापक. ते म्हणाले, "मी सगळं कॉम्प्युटरवर उतरवून घेतो, मग कॅसेटी टाकून दिल्या तरी चालतील." मालक म्हणाले, "म्हणजे पोरगी जाळून राख जपणार." नकार. दुसरा जालना रोडवरचा एक हॉटेलवाला, दाढी कोरलेला. त्याला जुन्या काळाची सजावट करायची होती. "तबकड्या भिंतीवर लावू, अंकल. एकदम झकास दिसतील." "कशानं लावणार?" मालकांनी विचारलं. "खिळे मारू की मधोमध. भोक आधीच हाय ना." काकूंनी त्याच्या हातातली पोह्यांची बशी अर्धी असतानाच काढून घेतली. स्वतःच्या नवऱ्याच्या बाजूनं त्यांनी केलेली ती पहिली कृती.

तिसरं स्थळ मी. घरचाच, समोरचा, इतकी वर्षं हजेरी लावलेला. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

"टेपचं हेड कशानं पुसता?" मालकांनी विचारलं.

"रुमालानं."

मालकांनी कपाटाचं दार लावून घेतलं. "मुलगा चांगला आहे," मालक काकूंना म्हणाले, "पण संस्कार नाय."

काकू कंटाळल्या होत्या. "अहो, द्या उजवून कुणालाही. वर कपाट मी फुकट देते."

दिवाळी तोंडावर आली तरी स्थळ जुळेना. शेवटी तोडगा काढला तो हाजीसाबांनी. छावणी भागात त्यांचं कापडाचं गोदाम, त्यावर एक खोली. "कपडा सूखा रहता वहाँ, तो तुम्हारी टेप की पट्टी भी रहेगी. रख दो. किराया नक्को." मालक उसळले. "फुकट ठेवलेली वस्तू परक्याची होते, हाजीसाब. महिन्याचं भाडं घ्या, नाहीतर नको." खाली दुकानात, काकूंच्या आणि माझ्या देखत, पुष्कळ तणातणी होऊन भाडं ठरलं.

मंडळी, मी ह्या क्षणाची किती वर्षं वाट पाहिली असेल! मी माझा चष्मा सावकाश कपाळावर चढवला. मालकांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. आणि म्हणालो, "गाण्यांचा महिन्याला किराया किती भरता, मालक?"

हाजीसाब हसून हसून गादीवर आडवे झाले. काकूंनी पदर तोंडाला लावला. मालकांनी खिशातून एक चावी काढून माझ्या हातावर ठेवली. "रविवारी खोली उघडायची. हात धुवायचे. स्पिरिट अन् कापूस ठेवलाय. रुमाल दिसला तर बघा." स्थळ नाकारलेल्या मुलाला त्यांनी रखवालदार नेमलं.

"निदान भैरवी तरी सोबत न्या," मी म्हणालो. "एकत्र कुटुंब आहे," ते म्हणाले. "एक नेली की बाकीच्या वाटण्या मागतील." आणि ज्या माणसानं जन्मभर शहराला भाडं विचारलं, तो दोन पिशव्या घेऊन पुण्याच्या गाडीत बसला.

पहिल्याच रविवारी सकाळी फोन वाजला. मी छावणीत, हात ओले. "उघडली का? लावा मग." मी टेपच्या तोंडाला फोनचं तोंड लावलं, जसं त्यांनी कधी रेडिओला लावलं होतं. ज्या फोनवर गाणं ऐकणाऱ्याला त्यांनी आयुष्यभर भिकारी ठरवलं, त्याच फोनवर, दोनशे किलोमीटर पलीकडं, मालक आपलं स्वतःचं गाणं ऐकू लागले. फर्माईश आता ते करत, आणि कंपनी मी होतो. "मालक," मी एकदा म्हणालो, "आज करड्या रंगात दाखवतंय." "दात पाडीन," उत्तर आलं. एकही रविवार चुकला नाही. शेवटी भैरवी असेच. बाई वर जात, काकू ओरडत, मालक श्शू करत, आणि पुण्याहून मालकांची खूण येई, "हां. आता बंद करा. पुसून ठेवा."

मालक गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास न देता. हे त्यांच्या स्वभावाला इतकं सोडून होतं की बातमी मला खरीच वाटेना. मी आणि हाजीसाब पुण्याला जाऊन आलो. परतताना गाडीत हाजीसाब खिडकीबाहेर बघत म्हणाले, "कमरा रहने दूँगा मैं. पर भाभी बोलेंगे तो कबाड़ी को बुलाना पड़ेगा." काकूच आता धनीण होत्या, आणि कपाटभर सवतींवर त्यांचा जन्माचा राग. मी मनानं तयारी केली. चावी परत द्यायची ठरवली.

त्यानंतरच्या रविवारी, नेहमीच्या वेळेला, फोन वाजला. काकू होत्या.

"खोलीवर आहात?"

"आहे, काकू. ह्या सामानाचं काय करायचं ते तुम्ही..."

"ते राहू द्या. हात धुतले का?"

"धुतले."

"लावा मग ती."

कोणती, हे विचारण्याची गरज नव्हती. मी लावली. बाई हळूहळू वर गेल्या, थांबल्या. तरण्याताठ्या काकू मोरीतून ओरडल्या, "अहो, नळ आलाऽऽ!" आणि पाठोपाठ मालक, जिवंत, चिडलेले, "श्शूऽऽ!"

एवढा बोलघेवडा माणूस. जगभराची गाणी त्यानं आपल्या मालकीची करून ठेवली. त्याच्या स्वतःच्या आवाजाचं मात्र एवढंच उरलं होतं, अर्ध्या श्वासाचं.

पलीकडं काहीच हालचाल नव्हती. मला वाटलं, काकू रडताहेत. काहीतरी बोलावं, धीर द्यावा म्हणून मी फोन तोंडाशी नेला.

"काकू..."

"श्शूऽ," पुण्याहून आवाज आला. "अजून सम यायचीय."