पुडा लहान केलाय हां

मुलांनो, यंदा पाठवलेला कुळथाच्या पिठाचा पुडा एवढासा कसा, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे.

रत्नागिरीच्या बाजारात हे पीठ विकणाऱ्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्या संगमेश्वराकडून एसटीने येतात. पुडा हातात देण्याआधी तान्ह्या मुलाला थोपटावं तसा थोपटतात. यंदा कुळीथ महागले. दुकानातल्या पाकिटांत माल कमी झाला, तरी पाकीट तेवढंच दिसतं. या बाई मात्र प्रत्येकीला आधीच सांगत होत्या, "पुडा लहान केलाय हां. किंमत तीच."

ते ऐकून माझ्या पुढची बाई न घेताच निघून गेली.

"अहो, सांगितलं नसतंत तर खपला असता," मी म्हटलं.

"खपला असता की," त्या हसून म्हणाल्या. "पण पुडा तेवढाच समजून पाणी घातलं नि पिठी पातळ झाली, तर बोलणी रांधणाऱ्या सुनेला बसतात, काकू. तिचा काय गुन्हा?"

त्या दिवशी बरेच पुडे त्यांना परत न्यावे लागले. पुढच्या बाजाराला गिऱ्हाईक आणखी कमी होतं. तरीही त्या प्रत्येकीला आधी सांगतच होत्या. अजूनही सांगतात.