अर्धी भाकर

प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी उकळतात तसा काळ्या मनुकांचा वास आला की जवळा बाजारचं आमचं पत्र्याचं चर्च आठवतं. त्या रविवारी प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट फिरवणाऱ्या काकांनी ते आईपुढून मागे घेतलं. “काहून हात पुढं करून राहिली? माहेरच्या लग्नात कुंकू लावून घेतलं न्हाई का? आधी पश्चात्ताप कर, बाई.” आईनं हात पदराखाली घेतला. चर्चमध्ये कधीच न बोलणारी मी. माझ्या तळहातावरचा भाकरीचा तुकडा मोडून अर्धा तिच्या हातात ठेवला. “काका, पापातून तारण देवाच्या कृपेनं मिळतं ना, लायकीनं नाही? मग मी तरी कुठं लायक आहे?” “गप, लेकरा,” आई पुटपुटली, पण तिनं तो खाल्ला. मी अजूनही कमीच बोलते. मात्र ताट आईपर्यंत पोचल्याशिवाय हात पुढे करत नाही.