मंदाचा चौकोन

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, कुणालाच नाही. आज तुम्हाला सांगतेय — पण कृपा करून माझी बाजू घेऊ नका. सगळे घेतात. 'सासूचं किती केलं हिने!' हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. राग दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

सासूबाईंना शेवटची काही वर्षं दिसत नव्हतं. उमेळे गावातली आमची वाडी बिल्डरला गेली, आम्ही स्टेशनजवळच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा त्यांनी एकच वस्तू स्वतःच्या हातात धरून आणली — त्यांनी शिवलेली गोधडी. घरच्या माणसांच्या जुन्या कपड्यांचे चौकोन. मामंजींचा खाकी शर्ट, सासूबाईंच्या आईच्या लुगड्याचा काठ, आणि उशाकडून तिसरा, मंदाचा कॉर्डरॉयचा फ्रॉक. मंदा म्हणजे त्यांची मुलगी, सहा वर्षांची असताना तापाने गेली. तिचा एक फोटोसुद्धा नाही. दुपारी आई — सासूबाईंना मी आईच म्हणायचे — चौकोन चाचपत एकेकाचं नाव घ्यायच्या, आणि मंदाच्या कापडाच्या उठावदार उभ्या रेघांवर त्यांचं बोट थांबायचं.

तेव्हा मला पॅचवर्कचं वेड लागलं होतं. मोबाइलवर बघून प्रयोग चालायचे — शिवलेला चौकोन चार ठिकाणी कापायचा, तुकडे फिरवायचे, एकमेकांत मिसळायचे, पुन्हा जोडायचे. पण नव्या कोऱ्या कापडाला तो विटका, मऊ रंग येईना. तो कुठे होता हे मला ठाऊक होतं. विचारलं असतं तर? नाही म्हणाल्या असत्या — म्हणून तर विचारलं नाही!

'धुवायला टाकते' म्हणून नेली. उसवताना आतून तांदळाचे दाणे सांडले. गोधडीचं पोट उपाशी राहू नये म्हणून शेवटच्या टाक्याआधी त्या आत चार दाणे ठेवायच्या. तिथे तरी हात थांबावा की नाही? मी दाणे झाडून केरात टाकले आणि कात्री चालवली.

सुंदर झाली हो. सोसायटीतल्या बायकांनी फोटो काढले, मी फुगून गेले. मग गोधडी आईंच्या अंगावर घातली — मनात म्हटलं, आंधळ्या बाईला काय कळणार? किती नीच विचार, बघा.

त्यांचा हात उशाकडून सरकत गेला. परत आला. परत गेला.

"ही माझी नाय गं बाय. माझी मंदा कुठं गेली?"

एक वाक्य पुरलं असतं — आई, मी कापली, चुकले. त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या. मला ते नको होतं. मी म्हणाले, "आई, हीच ती. मंदाचं कापड त्यात कधी नव्हतंच. हल्ली तुमच्या लक्षात राहत नाही."

नव्हतंच! हा शब्द मी उच्चारला — एका आईसमोर.

त्यांनी भांडावं ना? माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी, स्वतःच्या बोटांवर नाही. संध्याकाळी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "माझं डोकं गेलं रे." तो घाबरला, डॉक्टरांकडे घेऊन गेला, तिथेही मीच पुढे होऊन सांगितलं — हो, विसरतात. गोळ्या सुरू झाल्या, झोप वाढली. चौकोन चाचपणं बंद झालं. मंदाचं नावही त्यांनी पुन्हा घेतलं नाही.

त्यांना काहीही झालेलं नव्हतं. सगळं लख्ख आठवत होतं. मी त्यांना वेडं ठरवलं, आणि त्या मुकाट्याने तशा झाल्या.

नंतर दोन वर्षं त्या होत्या. प्रत्येक गोष्ट मला विचारायच्या. "मी जेवले का गं?" "मी पानी प्याले का?" आणि मी जवळ बसून, न चिडता, सांगायचे — हो आई, प्यालात.