लाल न करणारी गोळी

बायको उठली की मी आधी तिचे डोळे बघतो, चहा त्यानंतर. अंगणात उजेडाकडे तोंड करून तिला उभं करतो आणि खालची पापणी ओढून आतलं पांढरं तपासतो. "बैल पारखून राह्यले का?" म्हणून ती वैतागते. मी हसतो, पण दुसरी पापणीही ओढून बघतोच.

तीस वर्षं मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर बोरगाव मेघेत घर बांधलं आणि गल्लीचा फुकट डॉक्टर झालो. कुणाच्या औषधाच्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून सांगायचं, वर दोन सल्ले द्यायचे, हा माझा रुबाब. त्याच रुबाबात बायकोचं वाढलेलं कोलेस्टेरॉल मी अंगावर घेतलं. डॉक्टरांच्या गोळीनं तिचे पाय दुखायचे. नायसिननंही कोलेस्टेरॉल उतरतं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. नायसिन म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, आणि जीवनसत्त्वाला कोण भितं? डॉक्टरांना न विचारता मी त्यांची गोळी बंद केली आणि नायसिनची बाटली मागवली.

ती पहिली बाटली साध्या नायसिनची होती. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. बायकोनं जेवण झाल्यावर गोळी घेतली आणि बायका आल्या तेव्हा त्यांच्यासोबत कढत चहा प्यायली. थोड्या वेळात तिचं तोंड, कान, मान, सगळं लालभडक झालं. "अंगाची आग होऊन राह्यली वो," म्हणत ती खालीच बसली. बायकांच्या हातातला तिळगूळ हातातच राहिला. कुणीतरी ताटानं वारा घालू लागलं. ही आता जाते, असंच मला वाटलं. तासाभरात सगळं निवळलं, पण तो तास माझ्या मनातून गेला नाही.

मग मी पुन्हा वाचायला बसलो. साधं नायसिन कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतं, म्हणून माणूस लाल होतो. त्याचाच एक भाऊ आहे, निकोटिनामाइड. तो लाल करत नाही, पण कोलेस्टेरॉलही उतरवत नाही. तिसरा प्रकार हळूहळू विरघळणारा: कोलेस्टेरॉल उतरवतो आणि लालीही फारशी येत नाही. मला हवं होतं तेच मिळालं. तेवढ्याच ताकदीची ती गोळी सुरू केली. बायको लाल झाली नाही. त्रासच नाही म्हटल्यावर महिन्याभरानं मी एकाच्या दोन केल्या.

होळीनंतर तिचं अन्नावरचं मन उडालं. फोडणीच्या वासानं मळमळायचं. ती म्हणाली, ऊन लागलं असेल. एका सकाळी ती अंगणात मुगाच्या वड्या घालत होती. तिनं मान वर केली आणि उन्हात मला तिचे डोळे पिवळे दिसले. वड्या तशाच टाकून मी तिला घेऊन निघालो.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "सध्या कोणकोणती औषधं सुरू आहेत?"

"काहीच नाही," मी छातीठोकपणे सांगितलं.

मी खोटं बोललो नव्हतो. आमच्या घरात औषध वेगळं आणि व्हिटॅमिन वेगळं. व्हिटॅमिन म्हणजे खुराक. रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे फार चढलेले निघाले, कावीळ कशाची ते मात्र कळेना. आठवड्यानं पुन्हा रक्त तपासू, डॉक्टर म्हणाले. त्या आठवड्यात मी तिच्यापासून हललो नाही. ती दुपारी डोळा लावून पडली तरी मी तिची छाती हलते का बघत बसायचो. आणि रोज जेवणानंतर, अंगात ताकद राहावी म्हणून, त्याच दोन गोळ्या माझ्या हातानं तिच्या हातावर ठेवायचो.

त्यातच पहिल्याच दिवशी नालवाडीहून तिची धाकटी बहीण काविळीची माळ घेऊन आली. झाडाच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफलेली ही माळ डोक्यावर ठेवतात. ती लांबत लांबत खाली उतरते, तशी कावीळ उतरते म्हणे. काड्या वाळून आकसतात आणि गाठी सैल होतात, हे मी दरवर्षी वर्गात हसत हसत शिकवलेलं.

"भाऊजी, तुमचं विज्ञान ठेवा बाजूले," मेहुणी म्हणाली. "माळ उतरेपर्यंत बाटलीतलं काहीच पोटात जाऊ द्याचं नाई."

मी तिला झापलं आणि बायकोला बजावलं, गोळ्या चालूच राहतील. बायकोनं मान डोलावली.

आठवड्यानं आकडे निम्म्यावर आले. मी घरी येऊन मेहुणीसमोर कागद नाचवला. "बघ, तुझ्या माळेनं नाही, माझ्या व्हिटॅमिननं!"

बायको उठली आणि स्वयंपाकघरातून एक स्टीलची डबी घेऊन आली. आत गोळ्या होत्या. मी मोजल्या. सात दिवसांच्या चौदाच्या चौदा.

"माळेचं पथ्य होतं," ती म्हणाली. "तुम्ही इतक्या मायेनं देत होते, मंग नाई कसं म्हणू? मी निस्तं पाणी पेत होती. गोळी मुठीतच ठेवत होती."

बाटली आणि डबी घेऊन मी डॉक्टरांकडे धावलो. त्यांनी बाटलीवरचा मजकूर वाचला. "साधं नायसिन निदान लाल करून ओरडतं तरी," ते म्हणाले. "हे काही न बोलता यकृतावर बसतं, त्यात तुम्ही दुप्पट केलं. अजून महिनाभर चाललं असतं तर..."

काही आठवड्यांत तिचे डोळे निवळले. माळेनं काही केलं नाही, हे मला ठाऊक आहे. मेहुणी नालवाडीभर माळेचे गोडवे गाते आणि मी गप्प बसतो. बायकोनं त्या आठवड्यात माळेचं न ऐकता माझं ऐकलं असतं तर, या विचारानं आजही मी रात्री उठून तिचा श्वास ऐकतो.

आता डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली आहे. बायको ती रोज स्वतःच काढून घेते. परवा जुन्या सवयीनं मी एका हातात पाण्याचा पेला आणि दुसऱ्या हातात गोळी धरून तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं दोन्ही घेतलं, माझ्याकडे बघून हसली आणि पाणी प्यायली. मूठ मिटलेलीच होती. "मूठ उघड" म्हणायची माझी हिंमत झाली नाही.