लाल बटण

थोरल्या कारागिरांच्या सलूनमध्ये दोन खुर्च्या होत्या. मोठ्या आरशासमोरची पहिली त्यांची, दाराजवळची दुसरी धाकट्या भावाची. दुकान लहान, पण कारागिरांचा तोरा मोठा. मान हलवणाऱ्या गिऱ्हाइकाला ते सरळ दुसऱ्या खुर्चीवर पाठवत, मग ते कितीही बडं प्रस्थ असो. कात्री चालवताना फक्त अंगठा हलायला हवा, बाकीची बोटं गप्प, हे त्यांनी धाकट्याला टपल्या मारमारून शिकवलं होतं. अशा माणसाचा नेमका उजवा अंगठाच गेला. एका सकाळी दाढीचा ब्रश हातातून गळला तो गळलाच. अर्धांगवायूचा झटका होता. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात मात्र पाहुण्यासारखा मांडीवर पडून राहिला.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला. सुरुवातीचे महिनेच काय ते महत्त्वाचे, कंटाळू नका, असं त्यांनी बजावून सांगितलं. कारागीर दाबत राहिले. चेंडू ढिम्म. त्यांची अन्नावरची वासना उडाली. भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि कुणी बोलायला आलं की खेकसायचे.

तेव्हा धाकट्यानं हातात मावणारा एक गेमचा डबा आणला. त्यांच्या लहानपणचे जुने गेम त्यात भरलेले होते. कपाळावर दिवा लावलेला खाणकामगार खड्ड्यांवरून उड्या मारत जातो, तो गेम दोघांच्या खास लाडका. पोरवयात एकच यंत्र दोघं मिळून धरायचे. दिवेवाल्याला चालवायचा धाकटा आणि उडी मारायचा दादा. लाल बटण म्हणजे उडी, उजव्या अंगठ्यानं. धाकट्यानं त्या बटणावर मऊ रबर चिकटवलं आणि बजावलं, की लाल बटण दाबताना डाव्या बोटानं मागचं बटणही दाबायचं, म्हणजे डबा हलत नाही.

पहिल्याच दिवशी दिवेवाला उडाला. अंगठा हललेला काही दिसला नव्हता, पण उडी तर डोळ्यांनी दिसली होती. माणसाला एवढं पुरतं. एकेक खाण पार होत गेली, कारागीर जेवू लागले, बायकोच्या भाजीला नावं ठेवू लागले, म्हणजे गाडी रुळावर आली. चेंडू त्यांनी सोडून दिला. धाकटा समोरच होता. हरकत नाही दादा, गेममध्येच व्यायाम होतोय, असं म्हणाला. बाईंचं घरी येणं तोवर थांबलं होतं. त्या फोनवर विचारत आणि कारागीर ऐटीत सांगत, झकास चाललंय. दुकानात निरोप गेला, की माझी खुर्ची पुसून ठेवा.

आता नुसत्या अंगठ्यानं भागणार नव्हतं. उडी वरच्या बटणावर नेली तर तर्जनीलाही सवय होईल, असं त्यांच्या डोक्यात आलं. धाकट्याला त्यांनी एकदा सेटिंगमध्ये खुडबुड करताना पाहिलं होतं. एका दुपारी त्यांनी डाव्या हातानं ते पान उघडलं. डब्याचं चित्र, आणि प्रत्येक बटणासमोर त्याचं काम लिहिलेलं. लाल बटणासमोर काहीच नव्हतं. उडी डाव्या हाताच्या मागच्या बटणासमोर लिहिलेली होती.

आपलंच काही चुकलं असेल, म्हणून त्यांनी गेम लावला. डाव्या बोटानं लाल बटण चांगलं कचकचून दाबलं. दिवेवाला उभाच. मागचं बटण नुसतं टेकवलं, आणि तो टुणकन उडाला.

बायको भांडी घासत होती. तुला माहीत होतं का, एवढंच त्यांनी विचारलं. तिनं नळ बंद केला, पण मागे वळून पाहिलं नाही. त्यांना उत्तर मिळालं. डोक्यात आग पेटली.

थोड्या वेळानं धाकटा रोजच्यासारखा दादाची दाढी करायला आला. साबण लावून झाला, वस्तरा गळ्यापाशी आला, तेव्हा कारागीर बोलले.

"लाल बटण कधीपासून बंद आहे?"

वस्तरा थांबला.

"हात थांबवू नकोस. थांबला की कापतं. शिकवलंय ना तुला?"

धाकट्यानं दाढी कशीबशी पुरी केली. "पहिल्या दिवसापासून," तो म्हणाला. "दादा, तू जेवत नव्हतास. मला बघवत नव्हतं. वाटलं, चार दिवस हसशील, मग सांगेन."

"आणि चेंडू सोडला तेव्हा?"

"तेव्हा तू फार खूश होतास."

"ते महिने आता परत येत नाहीत रे. हात आला असता की नसता, देव जाणे. पण मी दाबत राहिलो असतो." कारागिरांनी डाव्या हातानं गळ्यावरचा साबण पुसला. "आयुष्यभर केस कापले मी. केसानं गळा कापायला मात्र तूच शिकलास."

धाकटा रडत होता. कारागिरांना त्याची दया आली नाही, आणि येत नाही याचाही राग आला. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. याला तर त्यांनीच खांद्यावर घेऊन वाढवलं होतं. त्यांनी डबा पुढे केला.

"उडी जिथली तिथे ठेव."

धाकट्यानं ती लाल बटणावर आणून ठेवली. मागच्या बटणाचं काम काढून टाकलं. कारागिरांनी डबा मांडीवर घेतला, अंगठा उचलून लाल रबरावर ठेवला, आणि डाव्या हातानं दिवेवाल्याला चालवलं. खड्डा जवळ आला. त्यांनी दात आवळून जोर लावला, मानेची शीर फुगली. दिवेवाला चालत चालत गेला आणि खड्ड्यात पडला.

धाकट्याचा हात सवयीनं पुढे आला.

"हात लावू नकोस," कारागीर म्हणाले. "इतके दिवस उडत होता तो तू. आत्ता पडला तो मी."

आणि त्यांनी खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला.