चार पावलं

काकांनी तीस वर्षं घरोघरी फिरून पाण्याचे मीटर वाचले. "गल्लीतली कुत्रीसुद्धा मला सलाम ठोकायची," असं ते सांगतात. मग शुगरमुळे उजवा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. कृत्रिम पाय बसवून वर्ष झालं, तेव्हा ते किती चालतात हे तपासायला सून त्यांना हॉस्पिटलात माझ्याकडे, फिजिओथेरपीला, घेऊन आली.

चाचणी साधी असते. वीस मीटरच्या मोकळ्या व्हरांड्यात टोकाच्या लाल रेघेपर्यंत जायचं, वळायचं आणि परत यायचं. काका चार पावलं झकास चालले आणि वळले.

"काका, रेघेपर्यंत जायचंय," मी म्हटलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा माझं डोकं सणकलं. पाय टोचतोय का, तोल जातोय का, सगळं बघितलं. काहीच नव्हतं.

"मग मध्येच वळता कशाला?" मी आवाज चढवला.

सून खाली बघत म्हणाली, "चौथा मजला आहे, लिफ्ट नाही. आज शेजाऱ्यांनी उचलून खाली आणलं. एरवी खोलीतच चालतात."

काका ओशाळून हसले. "पाचव्या पावलाला भिंत येते ना, ताई."